दोन सूत ढील

मुंबईहून पुण्याला दुचाकीवर निघालेल्या माणसाला द्रुतगती मार्ग बंद. त्याला जुन्या महामार्गानेच जावं लागतं, आणि जुना महामार्ग म्हणजे पनवेलची कोंडी, खोपोलीची कोंडी आणि त्यानंतर खंडाळ्याचा घाट. मे महिन्याच्या दुपारी या वाटेवर ट्रकांच्या मागे एखादी भली दांडगी हार्ले उभी दिसते. स्वार घामाघूम झालेला असतो. त्याच्या डाव्या पायाचा चाळा बघितला तर लक्षात येतं की गडी न्यूट्रल शोधतोय. पहिला, दुसरा, पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा. हिरवा दिवा काही लागत नाही. क्लच दाबून दाबून डाव्या हाताची बोटं भरून येतात. शेवटी वैतागून तो इंजिन बंद करतो, आणि बंद गाडीत पायाच्या एका हलक्या स्पर्शाने न्यूट्रल पडतो.

बहुतेकांना वाटतं, गिअरबॉक्स बिघडला. ऑइल बदललं जातं, क्लचची केबल बदलली जाते, लिव्हर घासून-पुसून ग्रीस केला जातो. थोडा फरक पडतो, पण पुढच्या घाटात ये रे माझ्या मागल्या. एवढं होईपर्यंत डाव्या बाजूच्या चकचकीत झाकणामागे काय चाललंय हे पाहायचं सहसा कुणाच्या मनात येत नाही. तिथे एक साखळी असते, आणि त्या साखळीला खालून टेकू देणारा एक लहानसा भाग. त्याचं नाव प्रायमरी चेन टेन्शनर. हा लेख त्या टेन्शनरबद्दल आहे. गाडीच्या एकूण पसाऱ्यात तो मुठीएवढा, पण गिअर लोण्यासारखा पडणार की हातोडा मारल्यासारखा, यात त्याचा वाटा फार मोठा.

मोटरसायकलवर साखळी म्हटलं की आपल्यासमोर मागच्या चाकाची चेन येते. दुसरी साखळी मेकॅनिकच्या तोंडी असते ती टायमिंग चेन. ती इंजिनातले व्हॉल्व्ह उघडणारा कॅम फिरवते, आणि गल्लीतल्या गॅरेजमध्ये ‘टेन्शनर गेलाय’ असं ऐकू आलं तर ते नव्वद टक्के वेळा तिच्याबद्दलच असतं. प्रायमरी चेन ही तिसरी. क्रँकशाफ्ट फिरला की त्याची ताकद आधी क्लचपर्यंत न्यायची असते, मग गिअरबॉक्समधून मागच्या चाकाकडे. क्रँक ते क्लच हा पहिला टप्पा, म्हणून प्रायमरी. स्प्लेंडर, पल्सर, युनिकॉर्न अशा रोजच्या गाड्यांत हा टप्पा दोन गिअरच एकमेकांत अडकवून पार पाडतात, तिथे साखळी नसतेच. त्यामुळे आपल्याकडच्या लाखो स्वारांना प्रायमरी चेनशी कधी संबंधच आला नाही. ज्यांना आला ते दोन गोतांतले: जुन्या बुलेटवाल्यांचं गोत आणि अलीकडचं हार्लेवाल्यांचं.

आधी बुलेट, कारण ती घरची.

रेडिचच्या इंग्लिश कंपनीची ही गाडी १९५०च्या दशकात भारतीय लष्करासाठी इथे आली. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सबरोबर एन्फील्ड इंडिया उभी राहिली, तिरुवोट्टियूरला आधी सुटे भाग जोडून आणि पुढे सगळे भाग इथेच ओतून-कातून बुलेट तयार होऊ लागली. विलायतेतला मूळ कारखाना बंद पडला तरी इकडे ती तशीच्या तशी बनत राहिली. कास्ट आयर्न इंजिनाच्या त्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. आणि गिअरबॉक्सवर एक जादाचा लिव्हर. टाचेने दाबला की गाडी वरच्या गिअरमधून थेट न्यूट्रलला यायची. न्यूट्रल सापडणं किती अवघड असतं हे ज्यांनी ओळखलं होतं, त्यांनीच तो लिव्हर बसवला असणार.

या बुलेटमध्ये गिअरबॉक्स इंजिनाच्या पाठीला बोल्टांनी घट्ट बसवलेला असतो. त्या काळच्या कित्येक इंग्लिश गाड्यांत गिअरबॉक्स वेगळा असायचा आणि तो मागे-पुढे सरकवून प्रायमरी चेनचा ताण धरला जायचा. सरकवला की मागची चेनही बिघडायची, म्हणजे एक काम काढलं की दोन व्हायची. बुलेटमध्ये दोन्ही शाफ्टमधलं अंतर कायमचं ठरलेलं आहे. मग ताण धरायचा कशाने? साखळीच्या खालच्या धावेखाली एक कमानदार पॅड ठेवला, त्याला खालून स्क्रू दिला. स्क्रू फिरवला की पॅड वर सरकतो आणि साखळीची ढील खाऊन टाकतो. इतकी साधी रचना, पण तिने पिढ्यान्पिढ्या काम दिलं.

झाकण उघडण्याचा सोहळा बुलेटवाल्यांना पाठ असतो. डावा फूटरेस्ट सुटतो, ब्रेकचा पाय सुटतो. खाली पसरट ट्रे सरकवायचा, कारण झाकण निघताच आतलं ऑइल ओघळणार. एवढं मोठं झाकण, पण ते धरून ठेवायला मधोमध एकच नट. सभोवार खाचेत रबराची गोल दोरी. ऑइल झिरपायला लागलं की नवखा माणूस नट आवळतो, पुन्हा झिरपलं की पुन्हा आवळतो, आणि एक दिवस झाकणाची कडच वाकडी करून बसतो. जाणता मेकॅनिक रबर बदलतो, खाच पुसून कोरडी करतो आणि नट हाताला समजेल इतकाच आवळतो.

झाकण बाजूला झालं की पुढे अल्टरनेटरची चकती, तिच्यामागे इंजिनाचं दातेरी चाक, मागे क्लचचा मोठा डबा, आणि दोघांना वेढून ऑइलने माखलेली दुपदरी साखळी. मेकॅनिक वरच्या धावेच्या मधोमध बोट घालतो आणि साखळी वर-खाली हलवून बघतो. हालचाल किती हवी? कंपनीच्या पुस्तकात पाव इंच, म्हणजे सुमारे सहा मिलिमीटर. आपल्याकडे लाकूडकाम आणि लोखंडकामात अजूनही इंचाचे आठ सूत मोजले जातात. त्या हिशेबाने दोन सूत. अनुभवी बोटाला दोन सूत मोजायला पट्टी लागत नाही.

मात्र एकाच जागी बोट लावून भागत नाही. साखळी सगळीकडे सारखी झिजत नाही. किक हळूहळू दाबत इंजिन थोडं-थोडं फिरवायचं आणि प्रत्येक वेळी ढील पाहायची. कुठे तीन सूत हलेल, कुठे अडीच, आणि एका ठिकाणी साखळी अचानक ताठ लागेल. ती सगळ्यांत ताठ जागा सापडली की तिथे दोन सूत ठेवायचे. ढिल्या जागी माप लावून ताण धरला, तर ताठ जागा क्लचच्या बेअरिंगला प्रत्येक फेरीत ओढत राहील.

पण ढील ठेवायचीच कशाला? नव्या माणसाला हा प्रश्न पडतोच. साखळी म्हणजे ताठ असलेली बरी, असं मन सांगतं. इथे थोडा हिशेब करायला हवा.

क्रँककेस आणि झाकण अल्युमिनियमचं, साखळी पोलादाची. तापल्यावर अल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट पसरतं. समजा दोन शाफ्टमधलं अंतर ३०० मिलिमीटर आहे आणि गाडी ७० अंशांनी तापली. तेवढं अल्युमिनियम साधारण अर्धा मिलिमीटर वाढेल, साखळीची तेवढीच लांबी पाव मिलिमीटर. म्हणजे दोन्ही चाकं साखळीच्या मानाने पाव मिलिमीटर लांब जातात, आणि साखळीच्या धावा दोन असल्यामुळे एकूण अर्ध्या मिलिमीटरची तूट येते. अर्धा मिलिमीटर म्हणजे काय, चार-पाच कागदांची जाडी. पण ताणलेल्या साखळीचं गणित चमत्कारिक आहे. ३०० मिलिमीटरच्या धावेत केवळ अर्धा मिलिमीटर जास्तीची लांबी असेल, तर मधोमध ती सरळ रेषेपासून साडेआठ मिलिमीटरहून अधिक उचलता येते. उलट बाजूने बघितलं तर, थंड गाडीत बोटाला छान वाटणारी ढील घाट चढेपर्यंत नाहीशी होऊ शकते. सकाळी गॅरेजमध्ये साखळी ताठ करून दिली आणि दुपारी गिअर अडकायला लागले, याचं उत्तर या चार ओळींच्या गणितात आहे.

हार्लेच्या जुन्या मॅन्युअलमध्ये म्हणूनच दोन मापं दिलेली असत. हाताने ताण धरायच्या मोठ्या गाड्यांना इंजिन थंड असताना पाच ते सात सूत, गरम असताना तीन ते पाच. झाकणावर एक छोटं तपासणीचं झाकण असे. ते काढून बोट घालायचं, वाटल्यास नट सैल करून पॅड वर-खाली करायचा आणि पुन्हा बंद करायचं. अर्ध्या तासाचं काम. पण ते वेळच्या वेळी करणारे किती?

हार्ले आपल्याकडे आली त्या गोष्टीत कोकणचा आंबा आहे. हापूसला अमेरिकेचा बाजार कित्येक वर्षं बंद होता, कारण कोयीतल्या सोंडकिडीची अमेरिकेला भीती. हार्लेला भारताचा बाजार बंद होता, त्यात आपल्या प्रदूषण-नियमांची अडचण होती. २००७ मध्ये दोन्ही दारं एकदमच किलकिली झाली. भाभा अणुसंशोधन केंद्राचं विकिरण केंद्र नाशिक जिल्ह्यात लासलगावला होतं, मुळात कांद्यासाठी उभारलेलं. तिथून विकिरण करून आंब्याच्या पेट्या अमेरिकेला रवाना झाल्या, आणि मोठ्या हार्लेंना भारतात यायला वाट मिळाली. प्रत्यक्ष विक्री २०१० पासून सुरू झाली, हरियाणातल्या बावलला जुळणीचा कारखानाही झाला. २०२० मध्ये कंपनीने तो बंद करून हीरो मोटोकॉर्पशी हातमिळवणी केली. मधल्या दशकात ज्या मोठ्या हार्ले मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये, गोव्याच्या मेळाव्यांत आणि कोल्हापूर-बेळगाव रस्त्यावर दिसू लागल्या, त्यांतल्या बहुतेकींच्या पोटात एक नवा टेन्शनर होता.

नवा अशासाठी की २००७ च्या मॉडेलपासून हार्लेने मोठ्या गाड्यांत बरंच काही बदललं. इंजिन १५८४ सीसीचं झालं, ट्विन कॅम ९६ नावाचं. गिअर पाचाचे सहा झाले. आणि ताण धरण्याचं काम माणसाच्या बोटाकडून काढून एका यंत्रणेकडे दिलं. डायना मालिकेत हा बदल एक वर्ष आधी, २००६ मध्येच झाला. एअर-कूल्ड स्पोर्टस्टरचं घराणं मात्र शेवटपर्यंत स्क्रू-नटावर राहिलं.

ही स्वयंचलित यंत्रणा दिसायला हुशारच आहे. पॅडखाली स्प्रिंग, आणि स्प्रिंगसोबत दातेरी पाचर. साखळी झिजून सैल झाली की स्प्रिंग पॅडला वर ढकलते, पाचर एक दात पुढे सरकते आणि तिथेच अडकते. पॅड पुन्हा खाली बसू शकत नाही. मालकाने झाकण उघडायला नको, बोट घालायला नको. वर्षानुवर्षं साखळी झिजत जाईल आणि पाचर दाता-दाताने तिचा पाठलाग करत राहील, असा विचार.

अडचण अशी, की साखळी सैल होण्याचं कारण झीज हे एकच नसतं.

हार्लेच्या इंजिनात दोन सिलिंडर ४५ अंशांच्या कोनात आणि दोन्ही कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर. त्यामुळे दोन स्फोटांमधलं अंतर सारखं नसतं: एक ३१५ अंशांनी, पुढचा ४०५ अंशांनी. हार्लेचा तो ओळखीचा लंगडा ठेका इथून येतो, आणि तोच ठेका साखळीला धक्क्यांच्या रूपात मिळतो. गाडी ओढत असताना इंजिनाचं चाक वरच्या धावेला खेचतं, खालची धाव सैल असते, आणि टेन्शनर त्या सैल धावेला टेकू देतो. पण बटणस्टार्टच्या वेळी उलटं होतं. स्टार्टर मोटर क्लचच्या डब्याला फिरवते, डबा साखळीमार्फत क्रँकला ओढतो. त्या क्षणी खालची धाव ताठ होते आणि पॅडला दाबते. इंजिन पेटलं की क्षणात बाजू पालटते, खालची धाव एकदम सैल पडते आणि फटका मारते. कधी इंजिन उलटं मारतं, तेव्हा तर हा हिसका आणखी जबर. घाट उतरताना थ्रॉटल बंद करून पुन्हा उघडला तरी लहान प्रमाणात हेच घडतं.

या झटापटीत साखळी क्षणभर जास्त सैल झाली, तर स्प्रिंग इमानाने पॅड वर ढकलते. पाचर एक दात पुढे जाते. क्षण निघून जातो, साखळी पूर्ववत होते, पण पाचर मागे येत नाही. असं दोन-चारदा झालं की थंड गाडीतच साखळी बऱ्यापैकी ताठ. मग गाडी तापते, अल्युमिनियम पसरतं, आणि ज्या ढिलीने हे पसरणं पोटात घ्यायचं ती ढील पाचरेने आधीच गिळलेली असते.

प्रत्येक गाडीत हे होतं असं नाही. हजारो गाड्या मूळच्या टेन्शनरवर लाखभर किलोमीटर विनातक्रार चालल्या आहेत, हेही तितकंच खरं. पण जिथे होतं तिथे लक्षणं ठरलेली. झाकणातून वेग वाढेल तशी चढत जाणारी शीळ. थंड असताना ठीक, गरम झाल्यावर अडणारे गिअर. क्लच पूर्ण दाबूनही गाडीची पुढे सरकायची ओढ. आणि न्यूट्रलचा लपंडाव.

साखळीच्या ताणाचा गिअरशी संबंध कसा, हे समजायला गिअरबॉक्समध्ये डोकवायला हवं. मोटरसायकलच्या गिअरबॉक्समध्ये सगळे गिअर कायम एकमेकांत अडकलेलेच असतात. गिअर बदलतो म्हणजे एका गिअरच्या अंगावरचे जाड दात, ज्यांना डॉग म्हणतात, ते शेजारच्या गिअरच्या खाचांत शिरतात किंवा बाहेर येतात. बाहेर यायचं तर त्यांच्यावरचा जोर क्षणभर उतरला पाहिजे. तो उतरवणं हे क्लचचं काम. क्लच दाबला की प्लेटी एकमेकींपासून सुट्या व्हाव्यात आणि इंजिनाची ओढ तिथेच तुटावी.

आता साखळी वाजवीपेक्षा ताठ आहे असं धरा. ती क्रँक आणि गिअरबॉक्सचा मुख्य शाफ्ट यांना सतत एकमेकांकडे खेचते. क्लचचा डबा त्या शाफ्टच्या टोकाला टांगलेला. एका बाजूने ओढ बसली की तो किंचित कलतो, प्लेटींचे कान डब्याच्या खाचांत अडतात, आणि क्लच दाबूनही प्लेटी साफ सुट्या होत नाहीत. मेकॅनिक म्हणतो, क्लच सोडत नाही. इंजिनाची थोडी ओढ गिअरबॉक्सपर्यंत पोचतच राहते, डॉग एकमेकांना धरून बसतात, आणि स्वाराच्या पायाला दगडावर लाथ मारल्यासारखं वाटतं. इंजिन बंद करताच न्यूट्रल सहज पडतो, कारण ओढणारंच कुणी उरत नाही. घाटातल्या त्या स्वाराचं निदान त्याच्या स्वतःच्याच हातून झालं होतं. त्याने फक्त ते वाचायला हवं होतं.

ताठ साखळीचा भुर्दंड गिअरपुरता थांबत नाही. क्लचजवळच्या आतल्या केसमध्ये मुख्य शाफ्टला आधार देणारं बेअरिंग असतं. सतत एका अंगाने ओढ बसली की ते लवकर खलास होतं. ते बदलायला साखळी, क्लच, दोन्ही केस, सगळं उतरवावं लागतं. टेन्शनर दोन बोल्टांचा; बेअरिंग दोन दिवसांचं.

उपाय दोन रस्त्यांनी निघाले, आणि दोन्ही कंपनीबाहेरच्या कारागिरांनी काढले. एक आहे हेडन एम-६. त्यात पाचर नाही, दात नाहीत, फक्त स्प्रिंगवर तरंगणारा पॅड. साखळी सैल झाली तर पॅड वर येतो, ताठ झाली तर खाली बसतो. म्हणजे मागे येण्याची मुभा त्याला आहे. दुसरा आहे बेकर कंपनीचा अॅटिट्यूड अॅडजस्टर, मिशिगनमधल्या गिअरबॉक्स बनवणाऱ्या कारखान्याचा. त्याने घड्याळाचे काटे सरळ मागेच फिरवले. पॅड, बोल्ट, नट. ढील माणसाने मोजून ठेवायची आणि अधूनमधून तपासायची. बुलेटवाल्या मिस्त्रीला हा दुसरा पाहिल्या पाहिल्या ओळखीचा वाटेल.

दोहोंत कोणता चांगला, यावर हार्लेवाल्यांची चर्चा रात्र-रात्र चालते. लेखकाचा कौल असा: जो माणूस वर्षातून एक-दोनदा झाकण उघडून ढील बघेल, त्याला हाती फिरवायचा टेन्शनर उत्तम, कारण त्यात अचानक बदलण्यासारखं काही नाही. जो बघणार नाही, त्याला स्प्रिंगवाला. मोजून लावायचा टेन्शनर बसवून पुढे तीन वर्षं त्याच्याकडे न बघणाऱ्याने मूळचाच ठेवलेला बरा. निदान तो झिजेचा तरी हिशेब ठेवतो.

काम प्रत्यक्षात कसं चालतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. सर्वांत आधी बॅटरीची काळी केबल सुटते. स्टार्टर याच बाजूने क्लचचा डबा फिरवत असल्यामुळे हात आत असताना बटण चुकून दाबलं गेलं तर बोटं जायची. मग ऑइल निघतं. खालच्या प्लगला चुंबक असतो, आणि अनुभवी मेकॅनिक आधी त्या चुंबकाकडे बघतो. बोटाला मऊ लागणारी करडी लव असेल तर ती नेहमीची झीज. कपची, चकाकणारा तुकडा, चिमटीत कडक लागणारं काही मिळालं तर टेन्शनरचा विषय बाजूला राहतो आणि आधी तो तुकडा कुठून आला याचा शोध सुरू होतो. बोल्ट एकामागून एक निघतात आणि पुठ्ठ्यावर झाकणाचाच आकार काढून त्यात जागच्या जागी टोचून ठेवले जातात, कारण लांबी वेगवेगळी. लांब बोल्ट आखूड जागी गेला की अल्युमिनियमचे आटे गेलेच म्हणून समजा.

झाकण उतरलं की जुन्या टेन्शनरकडे नजर जाते. पाचर किती वर चढलीय, पॅडला साखळीने किती खोल चरे पाडलेत, हे आधी टिपून ठेवायचं. साखळी वर-खाली हलवायची. ढील नावालाही नसेल तर निदान पक्कं झालं. ढील पुरेशी असेल, पॅड गुळगुळीत असेल, तर नवा टेन्शनर बसवून गिअर सुधारणार नाहीत. इथे प्रामाणिक मेकॅनिक हात थांबवतो आणि क्लचची केबल, प्लेटी, ऑइलचा दर्जा यांकडे वळतो. क्रँकवर बसलेला कॉम्पेन्सेटर, म्हणजे स्फोटांचे धक्के सोसणारी स्प्रिंगची जोडणी, तोही संशयित असतो. तो खिळखिळा झाला की सुरू-बंद होताना धाडकन आवाज येतो, आणि पुष्कळ जण तो आवाजही टेन्शनरच्या माथी मारतात. केवळ ऐकीव गोष्टीवर महागडा भाग मागवणाऱ्या मालकाला नाही म्हणणारा मेकॅनिक मिळणं ही भाग्याची गोष्ट आहे.

निदान पक्कं असेल तर बाकीचं काम सरळ. दोन बोल्ट सुटतात, जुना टेन्शनर निघतो, नवा बसतो. हाती फिरवायचा असेल तर पुन्हा तेच बुलेटचं व्रत: इंजिन थोडं-थोडं फिरवत ताठ जागा शोधायची आणि ढील तिथे मोजायची. एका फेरीत भागत नाही. इंजिनाकडे ३४ दात, क्लचकडे ४६; साखळीची तीच कडी त्याच दातावर परत यायला बरेच फेरे लागतात. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेतं तेव्हा सेकंदाला १७०० कड्या त्या पॅडवरून घासत जातात. हा आकडा डोळ्यांसमोर ठेवला की ढील मोजताना घाई करावीशी वाटत नाही. पॅकिंग नवं, बोल्ट आलटून-पालटून थोडे-थोडे आवळायचे, ऑइल मापात.

साखळीचा हा ताण सांभाळण्यासाठी इतरांनीही बरंच डोकं लढवलं. नॉर्टन कमांडोला १९७५ मध्ये बटणस्टार्ट आला, त्याबरोबर ऑइलच्या दाबावर चालणारा टेन्शनर आला. खुद्द हार्लेने १९८० च्या स्टर्जिस मॉडेलमध्ये साखळीच काढून प्रायमरीला पट्टा लावला होता. आणि आपल्या बुलेटने दोन पावलं टाकली. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसमध्ये आले तेव्हा, २००९ च्या क्लासिकसारख्या गाड्यांत, साखळी राहिली पण ताण आपोआप धरला जाऊ लागला. डाव्या पायाखाली गिअर आला, आणि इंजिन, क्लच, गिअरबॉक्स एकाच ऑइलवर आले. मग २०२० मध्ये मिटिऑरबरोबर आलेल्या नव्या ३५० इंजिनात प्रायमरी चेनच गेली, तिच्या जागी गिअर आले. आजच्या नव्या बुलेटच्या मालकाला दोन सूत मोजायची वेळ येणार नाही. त्याच्या गिअरचा मऊपणा बघून जुने बुलेटवाले खूश होतात आणि थोडे हळहळतातही.

जुन्या गाड्या मात्र अजून रस्त्यावर आहेत. सांगली, सातारा, नगरकडे कास्ट आयर्न बुलेट आजोबांकडून नातवाकडे आलेली दिसते, आणि तिच्यासोबत एखादा वयस्क मिस्त्रीही वारशाने येतो. त्याच्या हाताखालचा पोरगा आधी पट्टी घेऊन ढील मोजतो. मिस्त्री पट्टी बाजूला ठेवायला लावतो आणि त्याचं बोट धरून साखळीच्या मधोमध टेकवतो. किक थोडी दाब. आता बघ. आणखी थोडी. आता बघ. पोराचं बोट वर-खाली होत राहतं, ऑइल मनगटापर्यंत ओघळतं, आणि सातव्या-आठव्या वेळी ते अडतं. तो वर बघतो. मिस्त्री मान हलवतो, खडूने क्लचच्या डब्यावर एक रेघ ओढतो आणि पाना त्याच्या हातात देतो.